पुण्याची बोली

"चुकला तू. मले म्हनला," गोजरबाई म्हणाली. ती म्हशीची धार काढत होती. बोलताना तिनं मान वर केली नाही.

गोठ्याच्या दारात तिचा मुलगा इंद्रभान हातात जुनं वर्तमानपत्र घेऊन उभा होता. वाचताना तो चुकत नसे. कागद बाजूला ठेवून आपल्या मनानं बोलायला लागला की चुके.

"मला," त्यानं दुरुस्त केलं. "मला उद्या पुण्याला जायचे आहे."

"हाव, आता बराबर."

देऊळघाटातून कॉलेजात जाणारा तो पहिलाच. महिन्यापूर्वी नाव दाखल करायला तो पुण्याला गेला होता. वसतिगृहाच्या कचेरीत त्यानं "मले खोली पायजे" म्हटलं आणि मागे उभी असलेली मुलं हसली. वऱ्हाड म्हणजे मध्यप्रांतातच ना, एकानं विचारलं, तिकडे मराठी बोलतात का? संध्याकाळपर्यंत त्याचं नावच 'मले' पडलं. रात्री पंगतीत कोणीतरी म्हणालं, "मले, जरा सरका." तो सरकला.

घरी आल्यावर त्यानं हे फक्त मायला सांगितलं. ती हसली नाही. "मंग शिकून घे नं त्याइचं बोलनं," ती म्हणाली. "मी आयकीन." तेव्हापासून रोज धारेच्या वेळी ती त्याच्या चुका धरत होती. चूक सापडली की तिला गंमत वाटे. त्यालाही वाटे.

बाहेर सायकलची घंटी वाजली. नारायणराव आला होता. बुलढाण्याच्या वकिलांचा हा मुलगा त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता, आणि वकिलांचं मूळ घर पुण्याचं. दोघं उद्या बरोबरच निघणार होते. इंद्रभान घाईघाईनं टोपी नीट करत ओट्यावर गेला.

"सकाळी मोटार स्टँडवर भेट," नारायणराव म्हणाला. "मलकापूरला गाडी चुकली, तर दिवस फुकट जाईल."

"मी वेळेवर येईन," इंद्रभान म्हणाला. नीट म्हणाला.

गोजरबाई पितळी पेल्यात दूध घेऊन आली. वकिलांच्या घरचे आपल्या चुलीवरचं खात नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

"घ्या नं बाबू, लाजता काऊन? आत्ताच काढलं." ती उंबऱ्याशी टेकली. "तुमच्या भरोशावर लेकरू पाठवून राह्यलो आमी. त्याले थंडी सोसत नाई. आन् रातच्यानं पांघरून फेकून देते थो."

नारायणराव हसला. त्यात काही वाईट नव्हतं. "फेकून देते थो," तो आपल्याशीच म्हणाला. "ऐकायला मोठं गोड वाटतं हं."

गोजरबाईला ते बरं वाटलं. ती आणखी पुढे सरकली. "आन् बाबू, तिथल्या पोट्ट्याइले तुमी जरा सांगजा. मांगच्या टायमाले त्याइनं ह्याले—"

"आई," इंद्रभान म्हणाला, "तू आत जा. मी बोलतो त्यांच्याशी."

'आई' असं त्या घरात कोणी कोणाला म्हणत नसे. गोजरबाईनं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग तिनं पदर सारखा केला आणि आत गेली.

नारायणराव दूध पिऊन बराच वेळ बसला. इंद्रभान त्याच्याशी पुस्तकांबद्दल बोलला, प्राध्यापकांबद्दल बोलला. एकदाही चुकला नाही.

तो गेल्यावर इंद्रभान आत आला, तेव्हा माय दशम्या फडक्यात बांधत होती. तो चुलीजवळ बसला.

"माय, मले भूक लागली."

तिनं चूक धरली नाही. ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं आणि पुन्हा गाठ मारायला बसली.

त्याचे वडील, भगवानराव, शेतातून आले, जेवले. त्यांनी बायकोला दोनदा काही विचारलं. तिनं मानेनंच उत्तर दिलं. हात धुताना त्यांनी मुलाला बाजूला घेतलं.

"काऊन बे, तुही माय काऊन बोलून नाई राह्यली?"

"थकली असन."

"थकल्यावर गप बसनारी बाई हाय का थे?"



सकाळी भगवानरावांनी बंडी जुंपली. ट्रंक चढली, गोधडीची वळकटी चढली. शेजारच्या बाया येऊन त्याला ओवाळून गेल्या. गोजरबाईनं त्याच्या हातावर दही ठेवलं. तो पाया पडला, तेव्हा तिचा हात त्याच्या पाठीवरून दोनदा फिरला. पण ती बोलली नाही.

भगवानराव बैलांपुढे जाऊन उभे राहिले. इंद्रभान बंडीपर्यंत गेला आणि परत आला.

"माय," तो हळू म्हणाला, "मले काईच सांगत नाई का वं?"

ती खाली पाहत राहिली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आधी मनातल्या मनात ती काहीतरी म्हणून पाहत होती. मग तिनं मान वर केली.

"तिकडे गेल्यावर," ती थांबत थांबत म्हणाली, "जपून राहा. रात्री पांघरूण टाकू नकोस." 'ण' तिनं जीभ वळवून नीट म्हटला. "तुला थंडी सोसत नाही."

इंद्रभान तिच्याकडे बघत उभा राहिला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.