गावाचा रकाना

एकच कडवं उरलं होतं, आणि माईकसमोर पाणी पिता पिता विरुपाक्षनं हिशेब करून टाकला. करकंब गावावरच्या कडव्याला बऱ्यापैकी हशा पडला होता. कुर्डुवाडीवर तर पुढच्या रांगेतले वकीलसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. आता मैंदर्गीवर सभागृह हललं, की स्पर्धेत पहिला नंबर त्याचा, ती भरवणाऱ्या मंडळाच्या दौऱ्यात मुख्य कवी तो, आणि उद्या पेपरात फोटोखाली ‘सोलापूरचे हास्यकवी’. यातल्या दुसऱ्या शब्दापेक्षा पहिल्या शब्दाचं मोल त्याला जास्त होतं. वीस वर्षं तो सोलापूरचा म्हणून वावरत होता. शाळेत मराठी असं शिकवायचा, की बाहेरून आलेले अधिकारी विचारत, सर मूळचे पुण्याचे का. तो नुसता हसायचा. नाही म्हणायचा नाही.

गावांची नावं आणि ती घेताना जिभांची उडणारी तारांबळ, हा त्याचा माल. कुर्डुवाडीचं असं होतं:

पुण्याचा एक पाहुणा निघाला कुर्डुवाडीला,
‘र्डु’ म्हणता म्हणता घाम फुटला दाढीला.
हमाल म्हणाला, “सायेब,
जीभ कुटं झाली गायब?
तिच्यासाठी थांबायला वेळ न्हाय की गाडीला.”

टाळ्या ओसरल्या. त्यानं कागद उलटला, वर पाहिलं, आणि तिसऱ्या रांगेत त्याला आई दिसली.

चन्नम्मा. इरकली लुगडं, कपाळावर विभूती, शेजारी सून सोनाली. आईचे गुडघे दुखतात, ती येणार नाही, असं त्यानं मंडळाला सांगून ठेवलं होतं. गुडघे दुखत होते हे खरं. आईला त्यानं बोलावलंच नव्हतं, हेही तितकंच खरं. सोनालीनं परस्पर रिक्षा केली होती.

चन्नम्मा कर्नाटकच्या हद्दीलगतच्या मैंदर्गीची; विरुपाक्षही तिथंच वाढलेला. लेकाकडे राहायला येऊन नऊ वर्षं झाली, पण मतदान कार्डावर अजून मैंदर्गीच. दवाखान्यात गाव विचारलं तरी ती मैंदर्गीच सांगे, आणि वर विचारी, तुमी आलाव काय कदी. विरुपाक्ष पाचवीत होता तेव्हा एसटीत कंडक्टरनं तिला गाव विचारलं होतं. तिनं आपल्या कानडी हेलात सांगितलं, आणि तो हेल कंडक्टर सगळ्या गाडीला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत राहिला. गाडी हसली. विरुपाक्ष खिडकीबाहेर बघत बसला. चन्नम्मा दोन थांबे आधीच उतरली आणि लेकाचा हात धरून उन्हातून चालत घरी गेली.

कडवं गाळता आलं असतं. बार्शीवर एक तयार होतं, पण ते जरा पाणचट होतं. त्यानं मैंदर्गीच घेतलं.

मैंदर्गीची म्हातारी एसटीत बसली पुढं,
कंडक्टरनं विचारलं, “आजी, जायचं कुठं?”
नाव सांगता सांगता
हेल लांबता लांबता
गाव राहिलं मागं, म्हातारी गेली भलतीकडं.

म्हातारीचा आवाजही त्यानं काढला. घरचाच होता, शोधावा लागला नाही. सभागृह कोसळलं. वकीलसाहेबांनी तर ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणून बाक वाजवला. त्यानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्या रांगेकडे मात्र पाहिलं नाही.

पहिला नंबर जाहीर झाला. मंडळाची एक जुनी रीत होती. जिंकलेल्या कवीच्या आधी त्याच्या आईचा सत्कार. खांद्यावर चादर, हातात नारळ, आणि माईकवर नाव, गावासकट. गावाशिवाय पुकारलेला सत्कार अर्धा, असं मंडळातले जुने लोक मानत. त्यासाठी दुपारीच प्रत्येक कवीकडून चिठ्ठी भरून घेतलेली. विरुपाक्षनं आईचं नाव लिहिलं होतं. गावाचा रकाना कोरा सोडला होता. आई येणारच नाही, मग पुकारतंय कोण, हा त्याचा हिशेब.

सोनाली सासूला हाताला धरून मंचावर घेऊन आली. निवेदक इंद्रजीतनं तिच्या खांद्यावर चादर घातली, चिठ्ठी वाचायला घेतली आणि अडखळला. मग हसून त्यानं माईकच म्हातारीच्या तोंडाशी धरला.

“आजी, गाव कुठलं तुमचं?”

विरुपाक्ष मंचाच्या कडेला उभा होता. आता ती सांगणार. कायम सांगते तसंच सांगणार, त्याच हेलात. आणि त्या हेलाला हसायला त्यानं नुकतंच, दोनदा, अख्ख्या सभागृहाला शिकवलं होतं. म्हातारी कोणाची, कवी कुठला, सगळं एका शब्दात बाहेर पडणार होतं.

चन्नम्मानं लेकाकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. तिनं चादर नीट सावरली.

“सोलापूर,” ती म्हणाली. हेल नाही, काही नाही. मास्तरसमोर उभ्या केलेल्या पोरीनं म्हणावं तसं, एकेक अक्षर सुटं करून.

टाळ्या पडल्या. आई इतकं स्वच्छ बोलते म्हणून लेक असा, असं वकीलसाहेब शेजाऱ्याला म्हणाले, तेही त्याला ऐकू आलं.

परतताना तिघं एकाच रिक्षात बसली. सोनाली बाहेर बघत होती. त्याच्या मांडीवर ट्रॉफी, आईच्या मांडीवर घडी केलेली चादर. सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा चन्नम्मानं हळूच विचारलं,

“बराबर म्हटलं न्हवं मी, यप्पा? कोन हासलं न्हाय.”

त्यानं मांडीवरची ट्रॉफी उचलून पायाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. खाली ‘सोलापूरचे हास्यकवी’ असं ठळक छापलं होतं. नंबर त्याला मिळाला, दौरा त्याला मिळाला, सभागृहाला पोटभर हसायला मिळालं. गाव तेवढं आईचं गेलं.