बाबांचा आवाज

पडद्यावर तिसऱ्यांदा तीच चौकट उमटली: हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही. सुनेने ती बंद केली. सासऱ्यांसाठी हौसेने नवा कॉम्प्युटर आणला होता तिनेच, आणि प्रोग्रॅमची फाइल उतरवून घेतली की झालं, असं समजून जुना भंगारात देऊन टाकला होता. कॉम्प्युटरवरच पोट भरणाऱ्या बाईने असं करावं! भंगारवाल्याने त्याचा चुरा करून चार दिवस झाले होते.

सासऱ्यांचा आवाज गळ्याच्या ऑपरेशनमध्ये गेला, त्याला बारा वर्षं झाली. ते टाइप करायचे आणि तो प्रोग्रॅम बोलायचा. सासूबाईंना डोळ्यांनी अजिबात दिसत नव्हतं, आणि अलीकडे विस्मरणही वाढलं होतं. त्यांच्या लेखी नवरा म्हणजे तोच आवाज. त्याच दिवशी मोबाइलमधला गोड आवाज ऐकवला, तर त्या ओरडल्याच, "कोण हा मेला? ह्यांना बोलवा आधी!" सासऱ्यांनी हात धरला, तर तोही झिडकारला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि दोन घासांच्या वर जेवत नव्हत्या.

"बनवणाऱ्याला विचार ना," सुनेचा नवरा दारातून म्हणाला.

"ते काका गेले रे. मूळ लिहिलेला प्रोग्रॅम त्यांच्याबरोबरच गेला. आपल्याकडे आहे ते नुसतं शिजून तयार झालेलं. त्यातलं मीठ आता काढता येत नाही."

"मग?"

"मग त्या प्रोग्रॅमलाच फसवायचं. तो अजून जुन्याच कॉम्प्युटरवर आहे, असं त्याला भासवायचं. मध्ये दुभाष्यासारखा एक छोटा प्रोग्रॅम बसवलाय मी. आणि तू जा बरं, माझ्या डोक्यावर उभा राहू नकोस."

चौथ्यांदा चौकट आली नाही. सासऱ्यांनी एका बोटाने काहीतरी टाइप केलं आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसं यंत्र तडतडलं. शब्द एकही कळला नाही. पलंगावर सासूबाई दचकल्या.

जुन्या कॉम्प्युटरच्या संथ चालीने बोलायला शिकलेला प्रोग्रॅम नव्यावर उधळला होता. तिने वेग उतरवला. आणखी उतरवला. बोटं घामाने निसटत होती. सासऱ्यांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ते पलंगाकडे बघत होते.

"अगं, मी आहे," यंत्र म्हणालं.

तसाच सपाट, तसाच तुटक, पण जरा जाडसर. झालं, सगळं मुसळ केरात, तिला वाटलं. हा काही तो आवाज नव्हे.

सासूबाई कुशीवर वळल्या. त्यांनी कान टवकारले. सुनेला रडू आवरेना.

"आवाज बसलाय तुमचा," त्या करवादल्या. "गार पाणी ढोसलंत ना? चार दिवस माझं लक्ष नाही, तर ही तऱ्हा!"

सासऱ्यांनी गळ्यातल्या ऑपरेशनच्या छिद्रावरच्या पट्टीला हात लावला. मग एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

"चुकलं. आता नाही पिणार."