आक्काची मूठ

“उघडा मूठ मॅडम, तुमचं कामच हाय ते,” शिवराज फिजिओथेरपिस्ट निशाला म्हणाला.

खुर्चीत त्याची थोरली बहीण सत्यभामाबाई बसली होती. टेबलावर शाईचा पॅड, हक्कसोडीचा कागद आणि पिशवीतून डोकावणारी नवी साडी. साडीचोळी द्यायची, बापाच्या जमिनीतला बहिणीचा वाटा काढून घ्यायचा आणि वर त्याला माहेरची माया म्हणायचं. वैजापूरकडच्या त्या रस्त्यालगतच्या जमिनीसाठी शिवराजनं आधी विनवण्या केल्या, मग धमक्या दिल्या. सत्यभामाबाईचं एकच उत्तर असायचं, माझा वाटा माझ्या लेकीचा. मग लकवा आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नाय म्हणणारं तोंडच बंद पडलं.

डाव्या हाताचा अंगठा कडबा कापायच्या मशीननं फार पूर्वीच नेलेला. कागदावर उठवायला उरला उजवा, आणि तो लकव्यानं आखडलेल्या मुठीत अडकलेला.

ती मूठ आज सकाळी उघडली होती. क्रांती चौकाजवळच्या या फिजिओथेरपी सेंटरात निशा कित्येक महिने त्या बोटांशी झुंजत होती. खरं तर झुंज बाईचीच. घामानं निथळायची, दातओठ खायची, पण बास अशी खूण तिनं कधी केली नाही. तपासणीत तिला चित्रांची नावं सांगता आली नाहीत, म्हणून समज कमी असल्याचा शेरा बसला. शिवराजही भेटेल त्याला सांगत सुटला, आक्काच्या डोक्यात आता काय राहिलं नाय.

निशाला ते कधीच पटलं नव्हतं. सकाळी बोटं आपली आपण उलगडली तेव्हा ती हरखून गेली. बाईच्या लेकीचा, अमृताचा, फोन लागेना, म्हणून तिनं शिवराजला कळवलं. भाऊच तो, खूश होईल. झालाही खूश. दुपारी कागद लिहिणारा माणूस घेऊनच हजर झाला.

निशाला आता उमगलं. आपणच चोराला वाट दाखवली.

कागद लिहिणारा जरा कचरत होता. बाईला कळतंय का, त्यानं विचारलं.

शिवराजनं छातीवर हात ठेवला. “आक्काला सगळं समजतं. तुम्ही शाई लावा.”

बहिणीला खुळी ठरवणाऱ्या तोंडानं एका दुपारीत तिला शहाणी करून टाकलं. लाज नावाची गोष्ट त्याच्या गावात पिकत नसावी.

त्यानं मूठ धरून ओढली. उघडेना. कागदवाल्यानं जोर लावून पाहिला. मग दोघांनी निशाला पुढं केलं. मी हात लावणार नाही, असं ती म्हणणार, एवढ्यात सत्यभामाबाईनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि निशाच्या ओंजळीत ठेवला.

लकव्याची मूठ निशाच्या हाताला पाठ होती. मनगट आत वाकवलं की ती सैल पडते. आजारच तो, त्याला हट्ट ठाऊक नसतो. निशानं मनगट वाकवलं. मूठ सैल पडली नाही. उलट आतून आणखी घट्ट झाली.

निशानं वर पाहिलं. सत्यभामाबाई भावाकडं बघत होती. पापणीही हलत नव्हती.

“आखडली परत,” निशा म्हणाली.

“आता कधी उघडंल?”

“ते मावशींच्या मनावर आहे.”

शिवराजनं कागदाची घडी केली. जाताना साडीची पिशवीही उचलली.

त्याच्या गाडीचा आवाज चौकाकडं गेला. मग सत्यभामाबाईनं बोटं सोडली, आधी करंगळी, सगळ्यात शेवटी अंगठा. तो उघडा तळवा तिनं निशापुढं धरला. व्यायाम अर्धाच राहिला होता.