पान एकशे बारा

छापखानेवाल्याने चिठ्ठीचा मजकूर पुन्हा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“वहिनी, ‘चुका आढळल्यास लाल खूण करून प्रत परत द्यावी, नवी मिळेल.’ हे असं कुणी छापतं का? लोक शुद्धिपत्र लावतात, तेही शेवटच्या पानाआड. तुम्ही तर आमंत्रणच देताय.”

“प्रत्येक प्रतीत एक घाला,” वहिनी म्हणाल्या. “एकही राहून जायला नको.”

सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे. इस्पितळात चादरींच्या घड्या घालण्यात त्यांची नोकरी सरली होती. साठीला टेकल्यावर त्यांनी ही पहिली कादंबरी लिहिली. कुठल्या प्रकाशकाकडे त्या गेल्याच नाहीत.

ती कशावर आहे, हे कुणाला विचारावं लागलं नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी सकाळी शिकवणीला म्हणून निघाली आणि चौथ्या दिवशी कालव्यात सापडली. अनवाणी. पाय घसरला असं लिहून पोलिसांनी फाइल मिटवली. वहिनींना ते कधीच पटलं नाही. पुस्तक ओळखीच्या प्रत्येक माणसाने वाचावं, एवढ्यासाठी त्या आता दारोदार फिरत होत्या.

सोबत धाकटे दीर असत. वहिनींचे भाऊजी. मुलगी गेली तेव्हा ते परगावी होते, सापडल्याचं कळल्यावरच पोचले. “तेव्हा उपयोगी पडलो नाही, आता निदान गठ्ठे तरी उचलतो,” असं ते चारचौघांत सांगत.

वाचनालयाने शनिवारी पंधरा मिनिटं दिली. सहाजण आले, त्यातले दोघे पंख्याखाली पेपर वाचायला. दुकानदाराने काउंटरवर, बॅटरीच्या सेलशेजारी, चार प्रती ठेवून घेतल्या. वहिनी वळल्या तेव्हा मागून एक बाई कुजबुजली, पोरीच्या मरणाचा बाजार मांडलाय. वहिनींनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला आणि पुढचं दार वाजवलं.

पुस्तकात चुकाच चुका होत्या. भाऊजींना तेच खुपे. तीस वर्षं ते वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतानाही त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे जायचा.

“घरात मुद्रितशोधक असताना हे असलं पुस्तक? लोक मला हसतात, वहिनी.”

घाई झाली, वहिनी म्हणाल्या. आणि तुम्हाला ते वाचवणार नाही असं वाटलं.

ते मात्र खरं होतं. भाऊजींनी गठ्ठे वाहिले, पण पुस्तक उघडलं नव्हतं.

प्रती परत येऊ लागल्या. निवृत्त हेडमास्तरांनी एकशे चाळीस चुका काढल्या आणि मलपृष्ठावर शेरा मारला, ‘शुद्धलेखन कच्चे.’ शेजारणीने तीनच काढल्या, त्यातल्या दोन चुका नव्हत्याच. प्रत हातात आली की वहिनी आधी पान एकशे बारा उघडत. मुलगी घरातून निघते ते पान. ‘तिने निळे सँडल पायात सरकवले आणि दार ओढून घेतलं.’ त्या सकाळी वहिनी पहिल्या पाळीला गेल्या होत्या. निळे सँडल नवऱ्याने, रोजचे म्हणून, पोलिसांत सांगितले होते आणि हरवल्याच्या पत्रकावरही तेच छापलं होतं. त्या ओळीवर कुणाचीच खूण नसे. वहिनी ती प्रत कपाटात ठेवत आणि नवी घेऊन निघत.

एके दिवशी त्यांनी भाऊजींना सहज सांगितलं, दुसरी आवृत्ती काढायची आहे, हेडमास्तर तपासून द्यायला तयार आहेत.

भाऊजींचा चेहरा उतरला. “तो? त्याला स्वल्पविराम कशाशी खातात ते माहीत नाही. आणा इकडे.”

आठवड्याने ते प्रत घेऊन आले. पानं लाल झाली होती.

“जड गेलं का?” वहिनींनी विचारलं.

“सुरुवातीला गेलं. मग सवय चालवते. आम्ही अर्थ वाचतच नाही, वहिनी. जे चुकलंय तिथे हात आपोआप थांबतो. एकही सुटलेली नाही, लिहून देतो.”

“मग द्याच लिहून. पहिल्या पानावर सही, तारीख. सगळ्यांची घेते मी.”

भाऊजी हसले. त्यांनी झोकात सही केली, चहा संपवला आणि गेले.

वहिनींनी दाराला कडी लावली. पान एकशे बारा उघडलं. वर एक वेलांटी दुरुस्त केलेली, एक राहिलेला अनुस्वार दिलेला. त्याखाली ‘निळे सँडल’वर सरळ रेघ, आणि समासात सुवाच्य अक्षरात: ‘आईच्या तपकिरी चपला’. पुढचं क्रियापदही जुळवून ‘सरकवल्या’ केलेलं.

त्या उठल्या. कपाट उघडून परत आलेल्या प्रती बाजूला केल्या आणि मागचं कापडी गाठोडं सोडलं. त्यात निळे सँडल होते, नवा पट्टा लावलेले. पोरीने नाहीशी होण्याच्या आदल्या संध्याकाळी दुरुस्तीला टाकले होते म्हणत, ती सापडल्यानंतर अकराव्या दिवशी कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याने ते वहिनींच्या हातात दिले होते. त्यांनी ते आजवर कुणालाच दाखवले नव्हते. आपल्या तपकिरी चपला त्या सकाळपासून घरात नाहीत, हेही कुणाला सांगितलं नव्हतं.