बसची पाळी

मुलं नाहीत म्हणून गावातली शाळा गेली. आता प्रवासी नाहीत म्हणून बसही जाईल, या धास्तीने उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांनी पाळ्या लावून घेतल्या. ज्याची पाळी, त्याने काम असो नसो, सकाळच्या बसने शहरात जायचं आणि संध्याकाळच्या बसने परतायचं.

आज मास्तरीणबाईंची पाळी होती. गुडघे कुरकुरत होते, तरी त्या निघाल्या.

"बसच राहिली नाही, तर माझा लेक यायचा कसा?" त्या कंडक्टरला म्हणाल्या.

संध्याकाळी थांब्यावर शेजारीण वाट बघत उभी होती.

"बाई, लेक येऊन गेला तुमचा. उद्या कायमचा परदेशी चाललाय. तुमचा फोन तर घरातच वाजत होता. कुलपाकडे बघत दुपारभर दारासमोरच बसून होता बिचारा...



...स्वतःच्या गाडीत."