पालथं कार्ड

पोहण्याच्या तलावाबाहेर अपंगांची राखीव जागा बळकावल्याबद्दल पार्किंगच्या खासगी कंपनीने एल्विन आजोबांकडे दंड मागितला होता. नोटिशीसोबतच्या फोटोत गाडीच्या काचेमागचं अपंगत्वाचं निळं कार्ड पालथं दिसत होतं; मुदतीच्या तारखेची बाजू खाली, त्यांच्या नातीचा, नेरिसचा, फोटो वर. “मीच उलटं ठेवलं,” चाकाच्या खुर्चीतली नात पुटपुटली. “कार्ड कुणाचं ते कळावं म्हणून.” “जाऊ दे पोरी, भरून टाकू.” “भरला तर आपण लबाड ठरू, आजोबा!” आजोबांनी चष्मा पुसून तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. “मग घडलं तसं लिही. शुद्धलेखन नाही तपासणार.” तिने पानभर लिहून ते कंपनीला पाठवलं. तीन आठवड्यांनी दंड रद्द झाल्याचं पत्र आलं. पुढच्या गुरुवारी त्याच जागी थांबल्यावर तिने कार्ड सुलटं ठेवलं, मग खिडकी उघडून कॅमेरावाल्या रखवालदाराला हाक मारली, “काका, कार्ड बघितलंत ना? आता फोटो माझा काढा!”