शेजारच्या बोटीतला दिवा

देवाशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे!

शेजारचे मनोहरकाका हिवाळ्यापुरते नागपूरला गेले. जाताना बोटीतली बॅटरी काढून त्यांनी शंतनूच्या गराजमध्ये ठेवली. डब्लिनच्या थंडीत तिला अधूनमधून चार्ज करायचं, एवढंच काम. शंतनू साफ विसरला आणि बॅटरी गोठून फुटली.

काकांचा फोन आला. "चार्ज करतोयस ना रे?"

"हो काका, कालच केली."

तेवढ्यात शेजारच्या ड्राइव्हवेमध्ये झाकून ठेवलेल्या बोटीत दिवा लागला. बॅटरीशिवाय.

"काकूला म्हटलंच मी, शंतनूवर सोपवलं की काम झालंच समज!"

दिवा आणखी उजळला.

शरमेनं शंतनूचे कान तापले. "काका, खोटं बोललो मी. बॅटरी फुटलीय."

लगेच दिवा विझला.

बरं बाई, दिवा विझला हे तेवढं माझ्या पदरचं.